आर्डिस टॉफ्टचं मत

आर्डिस टॉफ्टचं कशाबद्दल काय मत आहे, हे विलो फोर्क काउंटीत सव्वीस वर्षांत कोणालाही कळलं नव्हतं. तिला पगार मिळायचा तो त्यासाठीच.

राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागाचं कार्यालय कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर होतं, वाहन परवान्याच्या खिडकीला लागून. तिथले बाकीचे लोक उपयोगी गोष्टी शिकवायचे: सोयाबीनवरची कीड, टोमॅटोवरचा करपा, काकड्या बरणीत कशा भराव्यात. आर्डिसकडे सार्वजनिक धोरण होतं. म्हणजे दोन गावांच्या शाळा एक कराव्यात की नाही, कचऱ्याचा खड्डा कोणाच्या शेजारी खणावा, डुकरांचे गोठे वस्तीपासून किती लांब असावेत, असले प्रश्न. असा एखादा प्रश्न पेटला आणि माणसं पेट्रोल पंपावर एकमेकांकडे न बघता पेट्रोल भरू लागली, की आर्डिस चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडायची. प्रश्नाला किती पर्याय आहेत आणि कुठल्या पर्यायाने काय काय होईल, हे ती कागदावरून वाचून दाखवायची. मग तिचा एकच नियम असायचा. ज्याला जो पर्याय सगळ्यात नावडता, त्याने उठून त्याच पर्यायाची बाजू मांडायची.

हे करायचं तर शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं मत असून चालत नाही. निदान दिसून चालत नाही. आर्डिसच्या गाडीला कधी कुठलं स्टिकर नव्हतं. निवडणुकीत तिच्या अंगणात कोणाच्या नावाची पाटी लागली नाही. नवरा डेल बत्तीस वर्षं संसार करून एकदा धीर करून विचारता झाला, "तू मत कोणाला दिलंस गं?" तर ती म्हणाली, "पर्याय बरेच होते." डेलने पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी प्रश्न अँब्युलन्सचा होता. हॅल्वर आणि लेक बर्गन ही दोन गावं चौदा मैलांवर. दोन्हीकडे एकेक अँब्युलन्स, आणि दोन्हीकडे ती चालवायला पुरेसे स्वयंसेवक नाहीत. हॅल्वरकडे ड्रायव्हर होते, बर्गनकडे नर्सबाई होत्या, आणि दोघांकडेही अभिमान भरपूर होता. आर्डिसने नोव्हेंबरात चार बुधवार घेतले. तिसऱ्या बुधवारी आर्ने लुंड नावाचा माणूस उठला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको स्वयंपाकघरात पडली तेव्हा अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली होती. तो हॅल्वरचा. त्याला सगळ्यात नावडता पर्याय म्हणजे अँब्युलन्स बर्गनला ठेवणं, म्हणून नियमाप्रमाणे तो त्याच बाजूने बोलला. सहा मिनिटं बोलला, टोपी हातात फिरवत. खाली बसला तेव्हा बर्गनच्या बायकांपैकी कोणीतरी त्याच्यापुढे कॉफी सरकवली. हॅल्वरच्या माणसाला बर्गनच्या थर्मासमधली कॉफी. ती त्याने घेतली.

प्रश्न सुटला नव्हता, पण माणसं पुन्हा एकमेकांकडे बघून पेट्रोल भरायला लागली होती.

जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. पैशांची तंगी असल्यामुळे सार्वजनिक धोरणाचं काम तीस जूनला बंद होईल, बाहेरून अनुदान मिळालं तर गोष्ट वेगळी. विद्यापीठाला याचं दुःख होतं. पत्रात दुःख दोनदा झालं होतं.

कार्यालयात मदतनीस म्हणून लव्हॉन होती. तिने तीन दिवसांत एक प्रतिष्ठान शोधून काढलं, मोठ्या शहरातलं, लोकांना एकमेकांशी बोलतं करणाऱ्या कार्यक्रमांना पैसे देणारं. अर्ज बावीस पानांचा होता. दुसऱ्याच पानावर प्रश्न होता: आपला कार्यक्रम इतर कार्यक्रमांपेक्षा सरस कसा, ते सांगा.

आर्डिसने सकाळभर त्या प्रश्नाकडे पाहिलं आणि लिहिलं, "तसा फारसा नाही." मग ते खोडून लिहिलं, "याहून चांगले कार्यक्रम काही ठिकाणी असतील." तेवढ्यावर घोडं अडलं.

तिची मुलगी कारी मिनियापोलिसला एका संग्रहालयात कामाला होती. तिचं कामच अनुदानं मागण्याचं. आर्डिसने फोन केला. आधी तिकडे बर्फ किती पडलाय, गाडीला हिवाळ्याचे टायर लावलेत का, खोकला गेला का, हे विचारून घेतलं. टायर अजून लावले नव्हते. त्यावर दहा मिनिटं गेली. मग अर्जाचा विषय निघाला.

"आई, 'फारसा नाही' असं कोणी लिहितं का गं?"

"अगं, बाकीच्यांचे कार्यक्रम मी पाहिलेत कुठे? न बघता सरस कसं म्हणू?"

"सगळे न बघताच म्हणतात."

"तू पण?"

"मागच्या महिन्यात मी लिहिलं, आमच्या गोधड्यांच्या प्रदर्शनाने शहराची एकमेकांकडे बघायची नजर बदलली."

"बदलली?"

"एकशे नव्वद लोक आले होते. त्यातले साठ पाऊस थांबेपर्यंत उभे होते."

"कारी!"

"पैसे मिळाले, आई. तुला हवेत ना?"

आर्डिसला हवे होते. पण 'हवे आहेत' हे वाक्य तिच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. ती म्हणाली, "मिळाले तर वाईट नाही."

पुढची अडचण गुणांची. कार्यक्रमाला आलेल्या लोकांनी एक ते पाच गुण दिलेले असावेत आणि सरासरी चारच्या वर असावी, असं प्रतिष्ठानाचं म्हणणं. नोव्हेंबरचे एक्केचाळीस कागद लव्हॉनने फाइलमधून काढले. अडतीस लोकांनी तीनवर खूण केली होती. दोघांनी कोणाचं मन दुखायला नको म्हणून काहीच केलं नव्हतं. आणि वर्लिन रूडने दोनवर खूण करून खाली लिहिलं होतं, 'खुर्च्या ठीक.'

"म्हणजे लोकांना आवडलं नाही," कारी फोनवर म्हणाली.

"आवडलं नाही कसं? चारही बुधवारी वीस-वीस मैलांवरून आले."

"मग पाच का नाही दिले?"

"पाच? आपल्याकडे? शहरात राहून डोकं फिरलं का तुझं?"

कारीला आठवलं. विलो फोर्कात पाचपैकी पाच देणारा माणूस एक तर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर प्यायलेला. शिवाय आजच पाच दिले तर उद्या याहून बरं काही आलं की काय द्यायचं?

तोडगा लव्हॉनने काढला. परवान्याच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या विवाहित माणसांना तिने दोन दिवस एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. एक ते पाचमध्ये आपल्या लग्नाला गुण द्या, किती वर्षं झाली ते लिहा, नाव नको. साठ चिठ्ठ्या आल्या. एका माणसाने चार लिहिले, तेव्हा शेजारी उभ्या बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने खोडून तीन केले. सरासरी तीन पूर्णांक एक. सगळ्यात जुनं लग्न अठ्ठावन्न वर्षांचं होतं आणि त्यालाही तीनच. आर्डिसने हे सगळं कोष्टक करून अर्जाला जोडलं आणि वर लिहिलं: 'या काउंटीतील तीन गुणांचा अर्थ समजण्यासाठी.'

मग शिफारसपत्रं. वर्लिन रूडचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण बीट पिकवता पिकवता तो वीस वर्षं काउंटी मंडळावरही होता. पाचातला एक सदस्य. त्याने लिहून दिलं होतं: 'आर्डिस टॉफ्टला मी ओळखतो. तिच्या सभांना मी गेलो आहे. याहून वाईट संध्याकाळी मी घालवल्या आहेत.'

कारीने ते फोनवर ऐकलं. "आई, हे शिफारसपत्र आहे की पोलिसांपुढचा जबाब?"

"वर्लिनच्या मानाने बरंच लिहिलंय."

"प्रतिष्ठानवाले वर्लिनला ओळखत नाहीत. जा आणि दुसरं लिहून आण."

आर्डिस गेली. वर्लिनची बायको जॉइस हिने कॉफी विचारली. आर्डिस नको म्हणाली. जॉइसने पुन्हा विचारलं, आर्डिस म्हणाली, "माझ्यासाठी मुद्दाम करू नकोस." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "असलीच तर अर्धा कप." पूर्ण कप आला, लिंबाच्या वड्याही आल्या. मग बर्फावर बोलणं झालं, बिटाच्या भावावर झालं, कारीच्या टायरांवर झालं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तास गेला. बशीत एक वडी उरली होती. तिघांनी आळीपाळीने तिचे अर्धे अर्धे तुकडे करून ती नखाएवढी केली, तरी शेवटचा तुकडा कोणी उचलेना.

"वर्लिन, तुमचं ते पत्र," आर्डिस शेवटी म्हणाली.

"चुकलं काही?"

"चुकलं नाही. शहरातल्या लोकांना जरा जास्त लागतं, एवढंच."

"जास्त म्हणजे किती?"

"ते मी कसं सांगू?"

"वाढव की एखादा शब्द," जॉइस म्हणाली. "तुझं काय जातंय रे?"

वर्लिनने चष्मा लावला. पत्र समोर धरून तो बराच वेळ खिडकीबाहेर धान्याच्या कोठाराकडे बघत राहिला. मग पेन घेऊन त्याने एक शब्द घातला. 'याहून बऱ्याच वाईट संध्याकाळी मी घालवल्या आहेत.'

गाडीत बसल्यावर आर्डिसचे डोळे भरून आले. तो शब्द त्या माणसाला किती जड गेला असेल, हे तिला कळत होतं. प्रतिष्ठानाला कळेल का, याची खात्री नव्हती.

शेवटचं पान उरलं. त्यावरचा प्रश्न: आम्ही आपल्यालाच अनुदान का द्यावं? दोन दिवस कागद कोरा होता. अर्ज पाठवायच्या दिवशी मात्र तिचा हात सुटला आणि पान एका बैठकीत भरलं. ते तिने घाईने लव्हॉनकडे दिलं, लव्हॉनने पाठवलं, आणि कारीने ते दुसऱ्या दिवशी वाचलं.

आर्डिसने तिथे तीन पर्याय मांडले होते.

पहिला, पूर्ण अनुदान द्यावं. त्याचे फायदे आणि तोटे. दुसरा, निम्मं द्यावं. तोटा असा की उरलेलं निम्मं काउंटीला उभं करावं लागेल. फायदा असा की लोक पदरचे पैसे घालतात त्या गोष्टीला जास्त जपतात. तिसरा, काहीच देऊ नये. असं केल्यास पैसे शहरातल्या शाळांना मिळतील, जिथे गरज कदाचित जास्त आहे. विलो फोर्कमधली माणसं, जमेल तसं, एकमेकांशी पार्किंगमध्ये बोलतील.

कारीने लगेच फोन लावला.

"आई, तिसरा पर्याय वाचून मलासुद्धा वाटलं की खरंच देऊ नयेत."

"मग नीट लिहिला गेलाय म्हणायचा."

"आई, तू अर्ज केलाय! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!"

"एकच बाजू लिहिली असती तर ते शिक्षण झालं नसतं, कारी. ती जाहिरात झाली असती."

"हो, जाहिरातच हवी होती गं त्यांना!"

आर्डिसने फोन ठेवला आणि पहिल्यांदा तिला भीती वाटली. नोकरीची होतीच. सत्तावन्न वर्षांच्या बाईला त्या गावात दुसरं काय मिळणार? किराणा दुकानातलं गल्ल्यावरचं काम. पण त्याहून जास्त भीती आर्नेच्या टोपीची होती, ती हातात गोल गोल फिरणारी. एक जुलैपासून असा माणूस कुठे उठून उभा राहणार?

मे महिन्यात उत्तर आलं. प्रतिष्ठान दुसरा पर्याय स्वीकारत होतं. 'आपणच अत्यंत पटण्याजोग्या रीतीने दाखवून दिल्याप्रमाणे,' असं पत्रात होतं, 'लोक पदरचे पैसे घालतात त्या गोष्टीला जास्त जपतात.' तीन वर्षं, निम्मं अनुदान. मात्र उरलेले वर्षाला एकतीस हजार डॉलर काउंटीने तीस जूनच्या आत मंजूर करावेत, नाहीतर हेही नाही. खाली कोणीतरी शाईने लिहिलं होतं की लग्नांचं कोष्टक सर्वांनी आवडीने वाचलं.

काउंटी मंडळाची बैठक जूनच्या पहिल्या मंगळवारी होती. विषय ओळीने: रस्त्याची खडी, रस्त्याखालची फुटलेली मोरी, मग आर्डिस, मग तणनाशक. ती तीन पर्यायांचा कागद घेऊन आली होती. पैसे द्यावेत, थोडे द्यावेत, देऊ नयेत. तिने तिन्ही सारख्याच आवाजात वाचले. देऊ नयेत या पर्यायात तिने मोरीचा खर्चही धरला होता, तो नुकताच ऐकला म्हणून.

मंडळाच्या अध्यक्ष मार्लिस एंगेन होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती, आणि गप्प बसलेल्या पोरांना बोलतं कसं करायचं ते त्यांना माहीत होतं.

"हे झालं, आर्डिस," त्या म्हणाल्या. "आता तुला काय हवंय ते सांग."

"मंडळापुढे तीनही पर्याय..."

"ते ऐकले मी. छान होते. तुला विचारतेय."

"माझं मत इथे गैरलागू आहे."

"मग घरी जाऊ का आम्ही?"

पाच सदस्य, कारकून, साप्ताहिकाचा बातमीदार, आणि मोरीसाठी आलेले दोन शेतकरी. सगळे टेबलाकडे बघत होते. आर्डिसला समोरचं स्वच्छ दिसत होतं. बोललं तर पुन्हा हॅल्वरचा कोण तिच्यापुढे मोकळेपणाने उठणार? आणि नाही बोललं तर उठायला खुर्चीच नसणार. सव्वीस वर्षांत तिने हजारो लोकांना सांगितलं होतं, की प्रत्येक पर्यायाची किंमत असते. सांगायला सोपं होतं ते.

"मला हे काम करायचंय," ती म्हणाली. "तुम्ही पैसे द्यावेत असं मला वाटतं."

कोणाची तरी खुर्ची करकरली. भर प्रार्थनेत एखाद्या बाईने उठून एकटीनेच गाणं म्हणावं, तसं सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. आर्डिसचे कान लाल झाले.

"अगंबाई," मार्लिस हळूच म्हणाल्या. "एवढ्या थराला गेलंय का?"

मग मतदान लगेच झालं. चार विरुद्ध एक. एक होता तो वर्लिन रूड.

दाराशी तो तिची वाट बघत थांबला होता. "पैसे मिळाले ते बरं झालं," तो म्हणाला.

"तुम्ही विरोधात होतात, वर्लिन."

"हो ना. न देण्याच्या बाजूने कोणीच बोलायला तयार नव्हतं. चौघंही लगेच हो म्हणायला बसलेले. कोणीतरी ती बाजू धरायला नको का? तूच शिकवलंस." आणि टोपी घालून तो निघून गेला.

आर्डिस परत आत गेली. कारकून बाईंना म्हणाली, "ते मी बोलले ते इतिवृत्तातून काढता येईल का?" बाई म्हणाल्या, "नाही येणार. बोललीस ना तू?" गुरुवारच्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर आलं: 'श्रीमती टॉफ्ट यांनी मत व्यक्त केले.' दोन आठवडे काउंटीत तोच विषय होता. किराणा दुकानात एका ओळखीच्या बाईने तिला कुजबुजत विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" कारीचा आनंदाने फोन आला, तेव्हा आर्डिस म्हणाली, "त्याबद्दल नको बोलूस. टायर बदललेस का उन्हाळ्याचे?"

सप्टेंबरात पहिला बुधवार. विषय अँब्युलन्सच, या वेळी निर्णयाआधीची शेवटची फेरी. आर्डिसने चाळीस खुर्च्या मांडल्या आणि सत्तर माणसं आली. ती कागद उघडणार, तोच हॅल्वरचा ड्वेन नावाचा उंच माणूस उभा राहिला.

"आर्डिस, एक विचारू का? तू आता काउंटीचा पैसा घेतेस. आणि मतं सांगायला लागलीस असं पेपरात आलंय. तर मग वेळ कशाला घालवायचा? तुला काय वाटतं ते सांगूनच टाक ना. अँब्युलन्स कुठे ठेवायची?"

बर्गनच्या बायकांनी कॉफी ओतणं थांबवलं. जूनपासून आर्डिसला हीच धास्ती होती. "माझं मत नाही" असं म्हटलं तर आता कोणाला खरं वाटणार?

मागच्या रांगेतून वर्लिन बोलला, जागेवरून न उठता.

"तिला मत विचारू नकोस रे बाबा. मागच्या खेपेला विचारलं, तर आम्हाला एकतीस हजार पडले."

हशा झाला. हशा म्हणजे तिथल्या मानाने, पंधरा-वीस जणांनी नाकातून श्वास सोडला आणि आर्ने लुंड चक्क मोठ्याने हसला. कॉफी पुन्हा पडायला लागली. ड्वेन अजून उभाच होता, बसावं की काय करावं या विचारात.

"उभाच आहेस तर थांब तसाच," आर्डिस म्हणाली, आणि चष्मा पुसून डोळ्यावर चढवला. "तुला सगळ्यात नावडता पर्याय कुठला?"